सिक्स्टी-फूट दर वेळी वेगळा येतो: शॉकच्या नॉबला हात लावण्याआधी काय काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा. मागच्या चाकांवर चालणारी ड्रॅग गाडी (सरळ ट्रॅकवर पाव मैलाची शर्यत धावणारी), चालकासह १४०० किलो, व्हीलबेस २७० सेंटिमीटर. सॉलिड ॲक्सल, फोर-लिंक (ॲक्सल शॅसीला धरणाऱ्या चार दांड्या), स्पूल (दोन्ही मागची चाकं एकत्र जखडणारा भाग), मागे अँटी-रोल बार (गाडी एका बाजूला कलण्याला रोखणारा दांडा), चारही शॉक डबल ॲडजस्टेबल (उघडणं आणि दबणं वेगवेगळं लावता येणारे), मागे २८ × १०.५ इंचांचे बायस स्लिक (नक्षी नसलेले, मऊ बांधणीचे रेसिंग टायर), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ट्रान्सब्रेक (बटण सोडेपर्यंत गिअरबॉक्समधून गाडी जागेवर धरणारा ब्रेक). सिक्स्टी-फूट, म्हणजे पहिले साठ फूट जायला लागणारा वेळ, कधी १.४८ सेकंद, कधी १.५८. काही रनमध्ये चाकं फिरतात, काहींमध्ये गाडी उजवीकडे सरकते. शॉकची सेटिंग बऱ्याचदा बदलून झाली, तरी फरक जात नाही. तर मागच्या शॉकला किती क्लिक (नॉबचे टप्पे) ठेवायचे?

क्लिकचा आकडा मी देत नाही, कारण एका कंपनीच्या शॉकचे पाच क्लिक म्हणजे दुसऱ्याचे बारा असू शकतात, आणि त्याच शॉकमध्ये आतले व्हॉल्व्ह कोणी बदलले असतील तर तोही हिशेब चुकतो. पण तुमच्या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ही गाडी १.४८ करते, म्हणजे जोर आणि पकड दोन्ही आहेत. अडचण आहे ती तेच पुन्हा करून दाखवण्याची. सिक्स्टी-फूटमधला ०.०१ चा फरक पाव मैलाच्या शेवटी साधारण ०.०१५ ते ०.०२ होऊन बाहेर येतो. तुमचा ०.१० चा फरक म्हणजे शेवटी दीड ते दोन दशांश सेकंद. एवढ्या फरकावर डायल-इन (शर्यतीआधी जाहीर करायचा आपला अपेक्षित वेळ) लिहिणं म्हणजे अंदाजपंचे.

आणि हा ०.१० चा फरक एकाच कारणाचा असेल असं मला वाटत नाही. अशा गाड्यांमध्ये बहुतेक वेळा थोडा फरक स्टेजिंगचा (सुरुवातीच्या रेषेवर गाडी उभी करण्याचा) असतो, थोडा टायरच्या हवेचा आणि बर्नआउटचा (रनआधी चाकं जागेवर फिरवून टायर तापवण्याचा), थोडा कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाच्या) तापमानाचा, आणि उरलेला सस्पेंशनचा. पहिले तीन आवरल्याशिवाय चौथ्यात काय चाललंय ते कळूच शकत नाही. तुम्ही शॉक दोन क्लिक घट्ट केला, सिक्स्टी-फूट ०.०३ ने सुधारला, पण त्याच रनला गाडी बीममध्ये (सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणात) पाच सेंटिमीटर कमी आत होती. मग श्रेय कोणाला द्यायचं? म्हणून शॉक सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर निम्मं काम पाना न उचलताच होतं.

आधी स्टेजिंग. प्री-स्टेज आणि स्टेज या दोन बीममध्ये साधारण १८ सेंटिमीटर अंतर असतं. घड्याळ सुरू होतं ते हिरवा दिवा लागल्यावर नाही, पुढचं चाक स्टेज बीममधून बाहेर पडल्यावर. तोवर गाडी जे अंतर तोडते तो रोलआउट, आणि उथळ स्टेज केलं (स्टेजचा दिवा लागताच थांबलं) तर तो ३० सेंटिमीटरच्या आसपास असतो. तुमच्या गाडीची सुरुवातीची वेग-वाढ १.२ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट) जवळ धरली तर ३० सेंटिमीटर जायला सुमारे ०.२३ सेकंद लागतात, आणि २५ सेंटिमीटर जायला सुमारे ०.२१. म्हणजे गाडी फक्त पाच सेंटिमीटर जास्त आत शिरली की सिक्स्टी-फूट जवळजवळ ०.०२ ने खराब दिसतो. गाडीत काहीच बदललेलं नसतं.

हे तुमच्याकडे होतंय का, ते जुन्या स्लिपांवरूनच (प्रत्येक रनच्या वेळांच्या चिठ्ठ्यांवरून) तपासता येईल. प्रत्येक रनचा रिॲक्शन टाइम (हिरव्या दिव्यापासून गाडी बीममधून निघेपर्यंतचा वेळ) आणि सिक्स्टी-फूट यांची बेरीज करा. गाडी खोल स्टेज झाली की रिॲक्शन तेवढाच चांगला दिसतो आणि सिक्स्टी-फूट तेवढाच वाईट, बेरीज मात्र जवळपास तीच राहते. चालकाचा हात थोडा मागेपुढे होतोच, त्यामुळे एका रनवरून निष्कर्ष काढू नका. पण दहाबारा स्लिपांमध्ये बेरीज स्थिर आणि दोन आकडे उलटसुलट असं दिसलं, तर दोष सस्पेंशनमध्ये नाही, उजव्या पायात आहे. उपाय साधा: प्री-स्टेजचा दिवा लागला की थांबायचं, मग ब्रेकवर अगदी थोडं थोडं सरकवत स्टेजचा दिवा लागताक्षणी थांबायचं. पुढच्या टायरची हवाही दर वेळी तीच ठेवा. हवा कमी झाली की टायर बसतो, बीम अडवणारी त्याची लांबी बदलते, आणि रोलआउटही.

आता मागच्या टायरची हवा. तुमच्या वजनाला आणि टायरला मी थंड असताना १२ पीएसआयपासून सुरुवात करेन. साइडवॉल कडक असेल तर थोडं खाली, मऊ असेल तर वर. पण १२ की ११.५ यापेक्षा ती हवा लाइनमध्ये उभं असताना किती आहे, हे जास्त महत्त्वाचं. १२ पीएसआय भरलेला टायर २५ अंशांवरून ४० अंशांवर गेला की गेजवर सुमारे १.३ पीएसआय वाढलेले दिसतात. गाडी उन्हात आडवी उभी असेल तर एकाच बाजूचा टायर तापतो. तुम्ही सकाळी दोन्हीकडे १२ भरलेले असतात, आणि दुपारी डावीकडे १२ आणि उजवीकडे १३ असतात. गाडी एकीकडे सरकण्याचं हे फार सामान्य कारण आहे, आणि लोक मात्र लिंकचे नट फिरवत बसतात. टायर झाका, हवा बर्नआउटच्या आधी शेवटच्या क्षणी तपासा, आणि कायम तोच एक गेज वापरा. गेज पाव पीएसआय चुकीचा दाखवत असला तरी चालेल, फक्त रोज तेवढंच चुकीचं दाखवलं पाहिजे. बदल करायचा तो अर्ध्या पीएसआयने, त्याहून जास्त नाही.

हवेबरोबर दोन्ही स्लिकचा घेरही मोजा. हवा भरून, टेप टायरच्या मधोमध फिरवून. स्पूल असल्यामुळे दोन्ही चाकं सारखीच फिरतात. एकाचा घेर सहा-सात मिलिमीटरने जास्त असला तरी गाडी लहान घेराच्या बाजूला वळायला बघते. नवीन जोडी बसवल्यावर काही रननंतर पुन्हा मोजा, कारण टायर वापराने वाढतात आणि दोन्ही सारखेच वाढतील याची खात्री नसते. टायर रिमवर सरकतोय का तेही बघायला हवं. रिम आणि टायरवर खडूची एक सरळ रेघ मारा. रननंतर रेघ तुटलेली दिसली तर रिम-स्क्रूंशिवाय (टायर रिमला पक्का धरणारे स्क्रू) पुढचं सगळं मोजमाप व्यर्थ आहे.

बर्नआउट दर वेळी सारखाच व्हायला हवा, म्हणजे तोच गिअर, तोच आरपीएम, तेवढाच वेळ. पाण्यातून गाडी पुढे घ्या, चाकं ओल्या जागेच्या अगदी पुढच्या कडेला आली की सुरू करा. पाण्यातच फिरवत राहिलात तर चाकांनी उडवलेलं पाणी व्हील-टबमध्ये जातं आणि स्टेज करेपर्यंत टायरवर ठिबकत राहतं. अशा रनला गाडी निघताच घसरते आणि कारण कळत नाही. धूर किती निघाला याला काही अर्थ नाही. बर्नआउटनंतर टायरचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने आत, मध्ये आणि बाहेर घ्या. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा बराच गरम असेल तर हवा जास्त आहे, कडा गरम असतील तर कमी. बर्नआउट संपताना स्टिअरिंग सरळ असू द्या, आणि स्टेजकडे जाताना गाडी रबर बसलेल्या पट्ट्यावर दोन्ही मागची चाकं ठेवून सरळ उभी करा. एक चाक पट्ट्याच्या बाहेर असेल तर जगातलं कुठलंच सेटअप ती गाडी सरळ नेणार नाही.

कन्व्हर्टरकडे फार कमी लोक बघतात. गिअरबॉक्सचं तेल थंड असताना आणि गरम असताना स्टॉल (गाडी धरून ठेवली असताना इंजिन जिथवर चढतं तो आरपीएम) वेगळा येतो. ट्रान्सब्रेकवर गाडी एक सेकंद धरली आणि चार सेकंद धरली, यात कन्व्हर्टरमधल्या तेलाला मिळणारी उष्णता कितीतरी वेगळी असते, आणि बटण सोडल्यावर टायरला बसणारा झटकाही. समोरचा स्टेज व्हायला वेळ लावतो तेव्हा तुमचा रन बिघडतो का, ते आठवून बघा. उपाय असा: दोन्ही गाड्या स्टेज झाल्याशिवाय थ्रॉटल पूर्ण दाबायचा नाही, टू-स्टेपचा (रेषेवर उभं असताना इंजिनचा आरपीएम मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेचा) आरपीएम ठरलेला ठेवायचा, आणि इंजिनचं पाणी व गिअरबॉक्सचं तेल दर रनला त्याच तापमानावर आल्याशिवाय लाइनमध्ये शिरायचं नाही. कुठलं तापमान, हे तुमच्या गाडीवर ठरेल; आकडा कोणताही घ्या, पण तोच ठेवा.

हे सगळं आवरलं की मी गाडी स्टँडवर घेतो. पहिली तपासणी बाइंडची, म्हणजे सस्पेंशन हलताना कुठे अडकतंय का याची. मागचे स्प्रिंग काढा, शॉकची खालची बाजू मोकळी करा, अँटी-रोल बारची एक लिंक काढा आणि ॲक्सल जॅकने पूर्ण खाली ते पूर्ण वर न्या, मग एकच बाजू वर न्या. रॉड-एंडची (लिंकच्या टोकाच्या गोल सांध्याची) मान कुठे टेकते का, ब्रेकचा होज ताणतो का, शॉक कुठे ब्रॅकेटला घासतो का, ते बघा. एक बाजू वर नेताना हात लावून जाणवेल असा अडथळा आला, तर तोच अडथळा लाँचच्या (गाडी रेषेवरून सुटण्याच्या) वेळी ॲक्सलला कधी सोडतो, कधी धरतो. दर रनला गाडी वेगळी वागते, याचं असं कारण निघणं मला अजिबात नवल वाटत नाही. झिजलेला रॉड-एंड हाताने हलवून कळत नाही. लिंकवर जोर देऊन कोणीतरी आत बसून गिअरमध्ये टाकलं की फट दिसते.

मग बेस सेटिंग. चालक आत बसलेला, किंवा त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या सीटवर, इंधन रनला असतं तेवढं, हवा रनची, जमीन खरोखर सपाट. या अवस्थेत राइड हाइट लावा, शॉकच्या एकूण स्ट्रोकपैकी साधारण ३५ ते ४० टक्के उघडण्यासाठी शिल्लक राहील असं बघा, आणि मग चार काट्यांवर (प्रत्येक चाकाखाली एक वजनकाटा) वजन घ्या. मागच्या दोन चाकांवरचं वजन शक्य तेवढं सारखं आणा. ॲक्सल चौकोनात आहे का, ते शॅसीच्या मधल्या रेषेपासून ओळंबा सोडून मोजा. डाव्या-उजव्या व्हीलबेसमध्ये दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक मला चालत नाही. पिनियन अँगल (ड्राइव्हशाफ्ट जिथे ॲक्सलला जोडतो त्या पिनियनचा कोन) ड्राइव्हशाफ्टच्या तुलनेत एक ते दोन अंश खाली. फोर-लिंकमध्ये रॉड-एंड फारसे दबत नाहीत म्हणून एवढा पुरतो. लीफ स्प्रिंगच्या गाडीत पट्टे वळतात, तिथे पाच ते सात अंश लागतात.

अँटी-रोल बार न्यूट्रल करणं याच टप्प्यावर होतं. चालक आत असताना एका बाजूची लिंक सोडा आणि तिची लांबी अशी लावा की बोल्ट बोटाने ढकलला तरी आरपार जाईल. तो बोल्ट हातोडीने ठोकून बसवावा लागला, तर बारमध्ये आधीच पीळ आहे. चालक उतरवून हे काम केलं तरी तोच पीळ येतो, फक्त तो बसल्यावर. चारही लिंकच्या बाबतीतही हेच: उजवी वरची लिंक सोडून बघा, बोल्ट मोकळा जातो का. तो मोकळा जात नसेल तर पुढच्या कामाला सुरुवात करू नका.

आता फोर-लिंककडे. वरच्या आणि खालच्या लिंकच्या रेषा पुढे वाढवल्या की त्या जिथे मिळतात तो इन्स्टंट सेंटर. मागचे टायर गाडीला जणू त्या बिंदूवर धरून ढकलतात. लाँचला मागे किती वजन जातं, हे मात्र तो बिंदू ठरवत नाही, आणि स्प्रिंगही ठरवत नाहीत. ते ठरतं गाडीचं वजन, वेग-वाढ, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस यांवरून. तुमच्या गाडीत गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंच धरला तर १४०० × १.२ × ५० ÷ २७०, म्हणजे सुमारे ३१० किलो पुढून मागे जातात. पुढचे स्प्रिंग मऊ केले म्हणून हे ३१० चे ४०० होत नाहीत. मऊ स्प्रिंग, शॉक आणि इन्स्टंट सेंटर यांनी ठरतं ते वजन किती लवकर आणि किती जोरात टायरवर येतं ते. सगळा खेळ वेळेचा आहे.

किती जोरात, हे मोजण्यासाठी अँटी-स्क्वॉट (लाँचला मागची बाजू बसण्याला लिंकचा होणारा विरोध) काढा. समजा इन्स्टंट सेंटर मागच्या ॲक्सलपासून १२० सेंटिमीटर पुढे आणि जमिनीपासून २४ सेंटिमीटर वर आहे. २४ ÷ १२० = ०.२०. गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस, ५० ÷ २७० = ०.१८५. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की सुमारे १०८ टक्के. शंभरच्या वर असेल तर लाँचला मागची बॉडी ॲक्सलपासून वर उचलली जाते आणि टायर खाली दाबला जातो. शंभरच्या खाली असेल तर मागची बाजू बसते. गुरुत्वमध्याची उंची बहुतेकांकडे अंदाजाने धरलेली असते. पुशरॉड व्ही-८ असेल तर लोक कॅमशाफ्टची उंची धरतात, आणि कामापुरतं ते ठीक आहे. म्हणून १०८ या आकड्याला स्वतंत्र किंमत देऊ नका. काल १०८ होतं, आज लिंकचं होल (ती बसवायचं भोक) बदलल्यावर १२५ झालं, एवढी तुलना त्यातून मिळते, आणि तेवढी पुरे.

टक्का तोच असूनही बिंदू जवळ असला की झटका लवकर आणि तीक्ष्ण, लांब असला की हळू आणि लांबवर टिकणारा. वरच्या लिंकचं पुढचं टोक एक होल खाली घेतलं की बिंदू जवळ येतो आणि टक्का वाढतो. खालच्या लिंकचं पुढचं टोक वर घेतलं तरी टक्का वाढतो आणि बिंदू उंचावतो. बायस स्लिक चेपला जातो, झटका पचवतो, म्हणून तिथे मी शंभरच्या थोडं वर सुरू करतो. बायसऐवजी रेडियल टायर असता तर त्याच झटक्याने तो सुटला असता. त्याला वजन चढत चढत द्यावं लागतं. तुमची गाडी १.४८ करते आहे, त्यामुळे सध्याचे होल अगदीच चुकीचे नसणार. ते लिहून ठेवा आणि सध्या तिथेच ठेवा. होल बदलला की पिनियन अँगल, लिंकचा ताण आणि ॲक्सलचा चौकोन हे सगळं पुन्हा मोजावं लागतं, ट्रॅकवर घाईघाईत ते कोणी करत नाही.

गाडी उजवीकडे का जाते? हवा, घेर, पट्टा आणि चौकोन हे तपासून झालं आणि तरीही ती दर रनला उजवीकडेच जात असेल, तर उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा कमी ढकलतंय. ड्राइव्हशाफ्टचा पीळ सॉलिड ॲक्सलचं उजवं चाक उचलायला बघतो, हे तर आहेच. अँटी-रोल बार आहे, तेव्हा प्रीलोड (एका चाकावर आधीच दिलेला जास्तीचा भार) बारवरच द्या, लिंक न्यूट्रल ठेवा. बारच्या लिंकवर एक फ्लॅट, म्हणजे नटाचा सहावा हिस्सा, उजव्या चाकावर भार वाढेल अशा दिशेने. काट्यांवर उजव्या मागच्या चाकाचं वजन वाढलं की दिशा बरोबर. बार नसलेल्या गाडीत हेच काम उजवी वरची लिंक एक फ्लॅट आखूड करून होतं. एका वेळी एक फ्लॅट आणि मग लाँच. मात्र गाडी एका रनला उजवीकडे आणि पुढच्याला डावीकडे जात असेल, तर प्रीलोडला हात लावू नका. ते बाइंडचं, पट्ट्याचं किंवा पुढच्या चाकांचं काम आहे. पुढची चाकं उचलली असताना टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) किती बदलतो ते एकदा मोजून घ्या. जमिनीवर दीड-दोन मिलिमीटर आत असलेला टो पूर्ण उचलल्यावर बाहेर जात असेल, तर चाकं टेकताच गाडी झटका देणार.

आता शेवटी शॉक. त्यासाठी आधी व्हिडिओ हवा. मोबाइल ट्रायपॉडवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, मागच्या चाकाच्या बरोबर समोर, शक्य तितक्या जास्त फ्रेमवर. टायरवर पांढरी रेघ मारा, बॉडीवर चाकाच्या कमानीखाली टेपची एक खूण लावा. चारही शॉकच्या रॉडवर एकेक रबरी ओ-रिंग किंवा केबल-टाय चढवा. खाली ढकललेल्या रिंगवरून शॉक किती दबला ते कळतं. किती उघडला हे मात्र व्हिडिओतच बघायचं. ड्राइव्हशाफ्टवर आरपीएम सेन्सर असेल तर उत्तम, चाक नेमकं कितव्या क्षणी सुटलं ते आलेखात धारदार टोकासारखं दिसतं.

चाक निघताच, पहिल्या मीटरभरातच सुटत असेल आणि टायरची साइडवॉल नीट चेपलेलीच दिसत नसेल, तर वजन वेळेवर पोचत नाही. मागचं एक्स्टेन्शन (शॉक उघडताना होणारा विरोध) दोन क्लिक सैल करा, म्हणजे बॉडी लवकर उचलेल आणि टायर लवकर दाबला जाईल. पुरेसं झालं नाही तर पुढचं एक्स्टेन्शन दोन क्लिक सैल. दोन्ही एकदम नाही.

चाक आधी घट्ट धरतं, साइडवॉल छान चेपते, कमान आणि टायरमधली फट झपकन वाढते, आणि मग पाचसात मीटरवर चाक सुटतं, हे दृश्य वेगळं. इथे झटका जास्त आहे. मागचा शॉक पूर्ण उघडून टोकाला आपटला आणि त्याने टायर वर ओढला, किंवा चेपलेला टायर उसळून परत आला. मागचं एक्स्टेन्शन घट्ट करा. फट उघडण्याचा वेग कमी दिसला पाहिजे. फट उघडायचीच बंद झाली तर अती झालं. टायर उसळताना ॲक्सल बॉडीकडे वर येऊ बघतो, त्याला मागचं कॉम्प्रेशन (शॉक दबताना होणारा विरोध) आवरतं. फट आधी उघडून मग पटकन मिटताना दिसली की कॉम्प्रेशन दोन क्लिक घट्ट.

तुमच्या वर्णनातला फरक मला या दुसऱ्या प्रकारचा वाटतो, आणि म्हणूनच तो अनियमित आहे. ट्रॅक चांगला चिकट असतो तेव्हा टायर झटका पचवतो आणि १.४८ मिळतो, ट्रॅक थोडा तापला, रबर सैल झालं की तोच झटका जास्त होतो आणि १.५८. हे व्हिडिओ न बघता केलेलं अनुमान आहे, तेव्हा त्यावर लगेच पाना चालवू नका.

पुढच्या बाजूला जास्तीत जास्त चुका एक्स्टेन्शन सैल सोडण्यात होतात. पुढचा भाग जोरात उठतो, शॉक किंवा लिमिटरचा पट्टा संपतो, पुढची चाकं, ब्रेक, सगळं एकदम शॅसीला लटकतं, आणि त्या क्षणी मागच्या टायरवरचं वजन हलतं. दिसायला लाँच भारी वाटतो, स्लिपवर नाही. पुढचं टोक वर जाताना शेवटच्या दोनतीन सेंटिमीटरांत मंदावताना दिसलं पाहिजे. गिअर बदलताना पुढचा भाग धपकन खाली येत असेल तर पुढचं कॉम्प्रेशन घट्ट करा. टेकल्यावर गाडी चेंडूसारखी उसळत असेल तर तेच सैल.

व्हीली बार (पुढचा भाग फार उचलू नये म्हणून गाडीच्या मागे लावलेला चाकांचा दांडा) असेल तर त्याची चाकं कुठल्या क्षणी टेकतात ते त्याच व्हिडिओत बघा. बार जोरात टेकला की मागच्या टायरवरचं वजन स्वतःकडे घेतो. सिक्स्टी-फूटच्या आत तो दर रनला वेगळ्या ठिकाणी टेकत असेल, तर तेवढाही फरक स्लिपवर दिसतो. बार उंच करण्याआधी पुढची बाजू शॉकने आवरा. बार हा पडण्यापासून वाचवणारा आधार आहे, सेटअपचा भाग म्हणून त्यावर विसंबू नये.

चाचणीसाठी पूर्ण रन लागत नाहीत. ट्रॅकवर टेस्ट अँड ट्यूनच्या दिवशी लाँच घ्या, शंभरेक मीटरवर सोडून द्या; इंजिन थंड राहतं, रन जास्त मिळतात. प्रत्येक सेटिंगवर सलग तीन लाँच, आणि त्यातला सर्वांत चांगला आकडा बघायचा नाही, सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट यांतलं अंतर बघायचं. १.५०, १.५१, १.५१ देणारी सेटिंग १.४७, १.५३, १.५६ देणाऱ्या सेटिंगपेक्षा माझ्या दृष्टीने कितीतरी पुढे आहे. वहीत प्रत्येक ओळीला ट्रॅकचं तापमान, डाव्या-उजव्या टायरची हवा, बर्नआउटनंतरचं तापमान, तेलाचं तापमान, ट्रान्सब्रेकवर किती सेकंद, रिॲक्शन, सिक्स्टी-फूट, आणि कोणती एक गोष्ट बदलली ते. दोन गोष्टी बदलल्या असतील तर ती ओळ खोडून टाका. सेटिंग बिघडली असं वाटलं की नवीन काही न करता आधीच्या सेटिंगवर परत या आणि एक लाँच घ्या. जुनी सेटिंग जुना आकडा देत नसेल तर बदललं आहे ते ट्रॅक किंवा टायर.

क्रम असा लागेल: पहिल्या दिवशी फक्त स्टेजिंग, हवा, बर्नआउट आणि कन्व्हर्टर सारखे ठेवून लाँच, एकही पाना नाही. घरी बाइंड, वजन, चौकोन, अँटी-रोल बार. दुसऱ्या दिवशी दिशा, आणि मग मागचं एक्स्टेन्शन. फोर-लिंकचे होल त्यानंतरच, तेही शॉक एका टोकाला गेले आणि तरी आणखी हवंय असं दिसलं तर.

पहिल्या दिवसानंतर फरक ०.०४ च्या आत आला तर पुढचं काम फार थोडं आहे. नाही आला तर तीन सलग लाँचच्या स्लिपा, मागच्या चाकाचा व्हिडिओ, चारही काट्यांची वजनं आणि लिंक कुठल्या होलमध्ये आहेत ते कळवा. शॉक कुठल्या कंपनीचा, एकूण क्लिक किती, आणि तुम्ही घट्ट टोकाकडून मोजता की सैल टोकाकडून, तेही लिहा. याशिवाय क्लिकवर बोलणं पुढे जात नाही.